भागाक्काचा पिंगळा आणि सोयगावचं दार

स्मारक समितीच्या सचिवांनी भागाक्काचा पिंगळा चोरला आणि तिच्या आजोबांच्या नावावर केला. हे करताना दार माझ्याकडचं वापरलं. फसवलं तिला, पण हत्यार माझं.

संपादकांनी मला धंद्यातले गमतीदार अनुभव लिहायला सांगितले आहेत. ते पुढे येतीलच. पण मुद्दा आधी लिहून ठेवला, कारण गमती वाचून झाल्या की लोक अंक मिटवतात.

माझा धंदा जुनी घरं उतरवण्याचा. लोक ‘पाडणं’ म्हणतात. पाडलेल्या घराची लाकडं फुटतात, उतरवलेल्या घराची विकता येतात. तरुणपणी मी मलबा वाहायला होतो. आज बायपासला माझं स्वतःचं आवार आहे. तिथं दारं, चौकटी, खांब, तुळया रांगेनं उभ्या असतात. मधल्या काळात काय झालं ते सांगत नाही; ते सगळ्यांचं सारखंच असतं.

आमच्या भागातलं जुनं घर म्हणजे माळवद. जाड भिंती, त्यावर आडव्या तुळया, तुळयांवर लाकडाच्या बारक्या फळ्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. वरून सपाट. उन्हाळ्यात आत गार, पावसाळ्यात आत पाऊस. उतरवताना उलटं जायचं: आधी माती, मग पाला, मग फळ्या, शेवटी तुळई. घाई केली की तुळई सगळ्यांना बरोबर घेऊन खाली येते.

दुष्काळ पडला की गावं रिकामी होतात आणि घरं विकायला निघतात. त्याच वर्षी शहर वाढतं, कारण ती माणसं इथंच येतात. मग बायपासवर कुणीतरी हॉटेल काढतो. त्याला गावाकडचं वातावरण हवं असतं, म्हणून तो माझ्याकडून गावाकडची दारं नेतो. ज्यानं दार विकलं तोच कधी कधी त्या हॉटेलवर वॉचमन असतो. असा एक मी पाहिला आहे. गिऱ्हाइकाला दार उघडून देताना तो सवयीनं कडी धरून दार जरा वर उचलायचा. घरी ते खाली घासत होतं. हॉटेलात घासत नव्हतं, तरी तो उचलायचा.

सौदा करताना मालाची स्तुती करायची नाही. घरात शिरताना सुस्कारा सोडायचा. खांबाला बुटाचं टोक लावायचं आणि दुसरीकडं बघायचं. मग माझा हनीफ मिस्त्री तुळईवर हातोडी वाजवतो, कान लावतो आणि मयताला आल्यासारखा चेहरा करून म्हणतो, “सेठ, घुन लगेला है. अंदर से पूरी खोकली.” तुळई कशीही असो, वाक्य हेच. हनीफ पाच वेळचा नमाजी आहे. मी एकदा त्याला विचारलं, हे खोटं तुला चालतं कसं?

“सेठ,” तो म्हणाला, “लकडी को मालूम है मैं मजाक कर रहा.”

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. एका फार्महाऊसवाल्याला दार पसंत पडलं, पण किडीची भोकं कमी वाटली. हनीफनं ड्रिलनं पाडून दिली. खऱ्या किडीला ज्या कामाला पिढी लागते ते आमचा चहा उकळेपर्यंत झालं. एका बाईंना असं दार हवं होतं की ज्या घरात कुणी मेलेलं नाही. मी म्हटलं, “बाई, तसं घर अजून बांधून व्हायचंय.” एका आर्किटेक्टनं माझ्या शिसवी चौकटीला भंगार म्हटलं, तेव्हा मी त्याची गाडी आत ठेवून फाटकाला कुलूप घातलं. तो भिंतीवरून उतरून गेला. आठवड्यानं आला आणि गाडीही घेऊन गेला, चौकटही. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. चौकट विकली गेली, एवढंच मी म्हणतो.

आता या धंद्यातला नियम. तो एकच आहे, आणि पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्यात म्हणतात: भावात खोटं चालतं, गावात नाही.

गिऱ्हाईक दाराला हात लावतं आणि किंमत विचारायच्या आधी विचारतं, “कुठल्या घरचं?” कारण दारातून लक्ष्मी येते, तशी बाकीचीही मंडळी येतात. जिथं कुणी जाळून घेतलं, जिथं वंश बुडाला, जिथं भाऊ-भाऊ कोर्टात संपले, त्या घरचं दार कुणाला नको असतं. म्हणून गाव कोणतं, घर कुणाचं आणि विकलं का, हे खरंच सांगायचं. सौदा मोडला तरी चालेल. माझ्याकडचा एक अव्वल सागवानी दरवाजा केवळ खरं सांगितल्यामुळं पडून आहे. तो आडवा टाकून त्यावर आम्ही जेवतो.

भागाक्का भेटली ती अशाच एका कोरड्या वर्षी. पाचोडच्या आठवडी बाजारात मी माल घ्यायला नाही, बातम्या घ्यायला जायचो. तिथं कळलं की जवळच्या एका वस्तीवर धनगराच्या एका म्हातारीला माळवद काढायचंय. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती आणि बापाचं घर आणि मेंढरं सांभाळून होती. आता वस्तीवर टँकर यायचा, तोही मनात आलं तर. मुलगा शहरात कंपनीत होता, त्यानं पुंडलिकनगरला घर बांधलं होतं. म्हातारी तिकडं निघाली होती.

मी घरात शिरलो आणि सुस्कारा सोडला.

“दमला आसाल तर बसा,” भागाक्का म्हणाली. “इकायची घाई मला हाय, तुमाला नाय.”

हनीफनं तुळईवर हातोडी वाजवून कान लावला. “सेठ, घुन लगेला है.”

“आरं, लिंबाची तुळई हाय ती. लिंबाला घुण? तुज्या डोस्क्यात आसल.”

हनीफ माझ्याकडं बघायला लागला. इतक्या वर्षांत त्याला दुसरं वाक्य लागलंच नव्हतं. कडुनिंबाला कीड धरत नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं, पण समोरच्यानं ते बोलायचं नसतं.

सौदा तिच्या भावात झाला. आयुष्यात असं दोनदाच झालंय; दुसऱ्या वेळी समोर माझी सासू होती. वर भागाक्कानं रिवाजाप्रमाणं एक नग मागितला. घर विकणाऱ्यानं आपल्या घरातली एक वस्तू फुकट न्यायची, ही आमच्यातली जुनी रीत. बहुतेक लोक देव्हारा नेतात. तिनं पुढचं दार मागितलं. दार जाड आणि ठेंगणं होतं. मेंढरांनी अंग घासून घासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत तेलकट काळं झालेलं.

“अक्का, हे शहरातल्या घराला बसणार नाय,” मी म्हटलं. “पोराचं कपाळ फुटल.”

“वाकल की. आमी समदे वाकूनच मोठे झालो.”

काम सुरू झालं. माती काढली, पाला काढला. आतल्या कोपऱ्यात लिंबाची तुळई भिंतीत शिरत होती, तिथं एक पोकळी होती. हनीफनं तिथं पहार लावली आणि आतून पिंगळा बाहेर आला. भर दुपारी. घुबडाच्या जातीचा मुठीएवढा पक्षी, पण तो समोरच्या भिंतीवर बसला आणि पिवळे डोळे करून आमच्याकडं बघत खाली-वर व्हायला लागला, जणू आमचाच भाव करतोय.

मजुरांनी घमेली खाली ठेवली. पिंगळा असा समोर आलेला कुणालाच चालत नाही. एक म्हणाला, “शेठ, आता ह्या घराला हात लावायचा नाय.” मी ओरडलो, शिव्या दिल्या, ट्रॅक्टर उभा होता त्याच्याकडं बोट दाखवलं. कुणी हललं नाही. पिंगळाही नाही.

तेवढ्यात रस्त्यानं एक म्हातारा आला. मळकी टोपी, गळ्यात दुर्बीण. तो सरळ आत आला, त्या पोकळीखाली उभा राहिला आणि वर बघायला लागला. मला वाटलं, पैठणकडचा कुणी व्यापारी माझा सौदा मोडायला आलाय.

“घर विकलं गेलंय,” मी म्हटलं. “दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालायला लाज नाय वाटत?”

“घर नको मला,” तो म्हणाला. “हा कोपरा हवाय. तोही थोडे दिवस. आत पिल्लं आहेत.”

“कोण हायेस तू?”

भागाक्का मागून म्हणाली, “भाऊ हाय माजा. येपारी दिसतो का तो? त्याला मेथीची जुडी घेता येत नाय नीट.”

ते बिरू कोळपे होते. माळरानावरचे पक्षी, गवतं, लांडगे, कोल्हे यांचा मोठा अभ्यासक. त्यांचे धडे मुलांना पुस्तकात आहेत. मी त्यांना अर्धा तास शिव्या दिल्या होत्या असं हनीफ सगळ्यांना सांगतो. इतका वेळ नव्हता झाला.

मी म्हटलं, कोपरा ठेवतो, पण माझे मजूर कामाला लागले पाहिजेत, ते तुम्ही बघा. हा माणूस लगेच हो म्हणाला. पहिल्या शब्दाला हो म्हणणारा माणूस सौद्याची मजा घालवतो. पण मग तो मजुरांजवळ भुईवर बसला आणि बोलायला लागला, आणि आम्ही सगळे ऐकत बसलो.

त्यांच्या लहानपणी असाच दुष्काळ पडला होता. बाप मेंढरं घेऊन लांब गेला होता, चाऱ्याच्या मागं. घरात आई, आजा, भागा आणि छोटा बिरू. याच तुळईत पिंगळ्याची जोडी होती. दिवे लागायच्या वेळेला माळवदावर बसून ओरडायची. वाटेत मेंढरं मरतायत असे निरोप यायचे. आई म्हणाली, हे त्या पाखरामुळंच होतंय. तिनं धूर करायला गोवऱ्या आणून ठेवल्या.

“मंग म्या काय केलं,” भागाक्का मधेच म्हणाली.

“तूच सांग,” बिरूसर म्हणाले.

“त्या भोकाखाली बारीक बारीक गोळ्या पडायच्या. पिंगळा वकायचा त्या. त्या म्या फोडल्या. आत हाडं. उंदराची मुंडकी, दात, शेपटाचे मणके. पदरात येचली आन आईच्या म्होरं वतली. म्हनलं, बघ, हे आपल्या कणगीतले उंदरं. पाखरू जाळलंस तर उद्या जवारी ह्ये खातील, मंग आपुन काय खायाचं?”

“मग आईनं काय केलं?” एका मजुरानं विचारलं.

“एक मुस्काटात दिली. हाडं घरात आनली म्हनून. पर गोवऱ्या चुलीत घातल्या.”

बिरूसर म्हणाले, “मी हिच्या खांद्यावर बसून त्या भोकात बघायचो. मला शाळेत घातलं, हिला मेंढरांमागं. माझ्या आयुष्यातलं पहिलं संशोधन हिनं केलेलं आहे. मी फक्त उंच होतो, खांद्यावर होतो म्हणून.”

ते हे प्रत्येक भाषणात सांगायचे, असं मला नंतर कळलं. छापून यायचं तेव्हा ‘घरातल्या मोठ्यांनी’ असं यायचं.

मजूर उठले. बाकीचं घर उतरवलं, माल गेला, आणि त्या मोकळ्या जागेत एक कोपरा उभा राहिला. दोन भिंती, एक तुळई, आत पिल्लं. पाचोडच्या बाजारात लोक मला विचारायचे, “शेठ, आता कोपरं बी इकत घेता का?” एकानं कोपऱ्याला नारळ फोडायचा सल्ला दिला. माझ्या धंद्यात इतकी बेअब्रू कधी झाली नव्हती.

पिल्लं उडाल्यावर बिरूसर स्वतः माझ्या आवारात सांगायला आले. जाताना म्हणाले, “ती तुळई विकू नका.” तुळईच्या टोकाला भोक, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची पांढरी घाण. ती कुणीच घेणार नव्हतं. मी मोठ्या मनानं हो म्हटलं.

भागाक्काचं दार पुंडलिकनगरला गेलं. पुढच्या बाजूला सुनेनं बसवू दिलं नाही, म्हणून ते तिच्या मागच्या खोलीला बसलं. तिच्याकडं जायचं तर त्याच दारातून.

काही वर्षांनी बिरूसर वारले. शहरात शोकसभा झाल्या, मग स्मारकासाठी समिती झाली, मग जागा मिळाली. समितीची माणसं भागाक्काकडं आली, तिच्या मागच्या खोलीत बसली, चहा प्याली आणि लहानपणचं सगळं विचारून गेली. तिनं पिंगळा सांगितला, हाडं सांगितली, मुस्काटातसुद्धा सांगितली. ती मला म्हणाली होती, “बिरूचं घर पुन्यांदा बांदनारेत म्हनं. त्येच्यात पिंगळ्याचं त्ये भोक पायजे. तुज्याकडं तुळई हाय ना?”

मी म्हटलं, हाय.

त्याच सुमारास समितीचे सचिव माझ्या आवारात आले होते, पण समितीचे म्हणून नाही. “एका प्रकल्पासाठी हवंय,” एवढंच बोलले. नक्षीचे खांब निवडले आणि एक दार निवडलं. उंच, सागवानी, पितळी फुलांचं, गणेशपट्टी असलेलं. त्यांनी ‘कुठल्या घरचं’ विचारलं नाही. असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो. तरी नियम म्हणून मी सांगितलं: “सोयगावच्या कापूस व्यापाऱ्याचं. मुलं पुण्याला गेली म्हणून विकलं. घरात वावगं काही नाही.” ते “बरं बरं” म्हणाले आणि फोनवर बोलत राहिले.

उद्घाटनाचं आमंत्रण भागाक्काला होतं. मुलाची ड्यूटी होती, म्हणून तिनं मला बोलावलं. “तू चल. त्ये घर तू खोललंय, तुला बराबर कळल.”

आम्ही पोचलो. समोर सोयगावचं दार.

शेजारी पाटी होती: याच दारातून बालक बिरू रोज रानाकडे धाव घेत असे. मी दाराच्या डाव्या अंगाला हात लावून बघितला. हनीफनं बसवलेलं लाकडाचं ठिगळ तिथंच होतं.

दारातली मुलगी भागाक्काला म्हणाली, “आजी, चपला बाहेर काढा.”

“काढते, बाई,” भागाक्का म्हणाली. “आमच्या घरात मेंढरं यायची, ती बी चपला घालत नव्हती.”

आत चौक होता. लिहायचं मेज होतं, त्यावर पितळी दौत. भागाक्का प्रत्येक खोलीत वर बघत चालली होती, तिच्या तुळईला जागा कुठं ठेवलीय ते. वर सिमेंटचं छत होतं. मग एका भिंतीशी ती थांबली. तिथं चित्र होतं: पांढऱ्या दाढीचा एक तेजस्वी म्हातारा लहान मुलाला हातातली उंदराची हाडं दाखवतोय. मी तिला पाटी वाचून दाखवली. विद्वान आजोबांच्या चौकस नजरेनं चिमुकल्या बिरूला निसर्गाची दीक्षा दिली, असं काहीतरी.

भागाक्कानं चित्रातल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर बोट ठेवलं.

“आजा आंधळा व्हता,” ती म्हणाली.

मी सचिवांना तिथंच गाठलं. माझा आवाज चढला हे मान्य आहे. माईक चालू होता, तो मी लावला नव्हता. मी विचारलं, हे दार कुठल्या घरचं?

“अहो, हे प्रतीकात्मक आहे,” सचिव म्हणाले. “दोन खोल्यांचं मातीचं घर बघायला कोण येणार? लोकांना काहीतरी भव्य लागतं.”

“आणि हिचं नाव?”

“भागाबाईंचा उल्लेख दुसऱ्या टप्प्यात घेऊ.”

भागाक्का म्हणाली, “सायब, नाव नगं मला. पर हाडं म्या येचली व्हती.”

सचिव हसले आणि तिला शाल द्यायला सांगितली.

मग मी अशी गोष्ट केली की जी मी धंद्यात कधी केली नाही. मी म्हटलं, खरी तुळई माझ्याकडं आहे, भोकासकट. फुकट देतो, आणून देतो, हनीफ बसवून देईल. तेवढी पाटी बदला. सचिवांनी ‘बघतो’ म्हटलं. त्यांनी एक माणूस माझ्या आवारात पाठवला. त्यानं तुळईवर पेनानं टकटक केलं आणि गेला. मग फोन आला: तुळई घेता येणार नाही, तज्ज्ञांच्या मते आतून कीड लागलेली आहे.

मी हनीफला सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. “सेठ,” तो म्हणाला, “हमारा डायलॉग हमीच को मारे!” मग हसायचा थांबला आणि म्हणाला, “लेकिन बुढ्ढी को क्या बोलना?”

भागाक्काला मी अजून काहीच बोललेलो नाही. ती विचारत नाही. अधूनमधून मुलाच्या गाडीवर बसून आवारात येते. तुळई मी दर्शनी जागी दोन दगडांवर ठेवली आहे. तिच्याजवळ बसते, भोकात बोट घालून बघते. पिंगळा आलेला नाही. साळुंक्या येतात. गिऱ्हाइकं विचारतात, ही कुठल्या घरची? मी सांगतो. कुणी घेत नाही, आणि मी देतही नाही.

भावात मी आयुष्यभर खोटं बोललो, पुढेही बोलेन. पण माझ्या आवारातून गेलेलं एकही दार परक्या घराचं नाव सांगत कुठं उभं नव्हतं. आता एक उभं आहे. शाळेच्या सहली त्याच्यातून आत जातात आणि मुलं एका आंधळ्या माणसाच्या नजरेवर निबंध लिहितात.

सचिवसाहेब, हा अंक तुमच्याकडं येतो हे मला माहीत आहे. प्रश्न तोच आहे, मी रोज ज्याला उत्तर देतो तो. हे दार कुठल्या घरचं? आणि हाडं कुणी वेचली? उत्तर मला नको, माईकवर नको, दुसऱ्या टप्प्यात तर नकोच. पुंडलिकनगरला जा आणि भागाक्काला तोंडावर सांगा. तिची खोली मागच्या बाजूला आहे.

दार ठेंगणं आहे. वाकावं लागेल.